61 सेक्शनची वही: पान कधी करायचं आणि सेक्शन कधी

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत वडिलांचा टॉवेलचा कारखाना, 24 माग. दीड वर्षापूर्वी मुलीने कारखान्याच्या सगळ्या नोंदी वननोटमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या नोंदवहीच्या ॲपमध्ये आणल्या. तिथे वहीत सेक्शन असतात आणि सेक्शनमध्ये पानं. आज त्या वहीत 61 सेक्शन आहेत. बहुतेक पार्ट्यांच्या, म्हणजे गिऱ्हाइकांच्या नावाचे, काही सुताच्या व्यापाऱ्यांचे, एक 'जीएसटी', एक 'अर्जंट' आणि 'इतर' दोन वेळा. निम्म्याहून जास्त सेक्शनमध्ये जेमतेम एक-दोन पानं. 'नवी ऑर्डर आली की पान करायचं की सेक्शन, इथे दर वेळी अडते. बाबा फोनवर काही विचारतात तेव्हा वेळेत सापडत नाही. या दोन्हींत नक्की फरक काय धरायचा?'

ताई, 'इतर' नावाचे दोन सेक्शन आहेत हे तुम्ही लपवलं नाहीत, तिथेच निम्मं निदान झालं. दुसरा 'इतर' माणूस तेव्हाच काढतो जेव्हा त्याला पहिला सापडत नाही.

मी 31 वर्षं सरकारी कारकुनी केली. त्यातली शेवटची नऊ अभिलेख कक्षात, म्हणजे सगळे ज्याला रेकॉर्ड रूम म्हणतात तिथे गेली. निवृत्तीनंतर सोलापुरातल्या वकिलांच्या, दवाखान्यांच्या आणि तुमच्यासारख्या कारखानदारांच्या संगणकातल्या नोंदी लावून देतो. त्यामुळे माझं उत्तर संगणकाआधी गठ्ठ्यापासून सुरू होतं, ते चालवून घ्या.

आपल्याकडे सरकारी कार्यालयांत सहा गठ्ठे पद्धत आहे. कारकुनाच्या टेबलावरचा प्रत्येक कागद सहापैकी एका गठ्ठ्यात गेला पाहिजे: हातात असलेली प्रलंबित प्रकरणं, दुसऱ्याच्या उत्तरासाठी थांबलेली प्रतीक्षाधीन प्रकरणं, ठरल्या तारखेला पाठवायची नियतकालिकं, वरचेवर लागणारे स्थायी आदेश, निकाली निघून अभिलेख कक्षात जायची प्रकरणं आणि 'ड' वर्गातले, म्हणजे नष्ट करायचे कागद. मी टेबल घेतलं तेव्हा माझ्याकडे 40 प्रकरणं होती. नंतर एका वर्षी ती 600 च्या वर गेली. गठ्ठे सहाच राहिले.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या टेबलावर मिळालं. काम वाढलं की पानं वाढली पाहिजेत. कामाबरोबर सेक्शनही वाढायला लागले, तर कुठेतरी पानाला सेक्शनच्या खुर्चीत बसवलं आहे असं समजा. तुमच्याकडे नवी पार्टी आली की नवा सेक्शन उघडतो. धंदा चांगला चालला आणि पुढच्या वर्षी 20 पार्ट्या वाढल्या, तर 81 सेक्शन होतील. म्हणजे धंद्याला बरकत आली की वही बिघडणार, ही काही बरी व्यवस्था नाही.

हे कसं झालं असेल तेही सांगतो, कारण दहातल्या आठ वह्यांत असंच होतं. पार्टी मोठी, जुनी, बाबांच्या ओळखीची. तिला नुसतं पान देणं कमीपणाचं वाटलं, म्हणून सेक्शन दिला. पण सेक्शन हा मान नाही. साहेबांच्या जिव्हाळ्याच्या प्रकरणालाही आम्ही वेगळा गठ्ठा बांधत नव्हतो. ते गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवत होतो, एवढंच.

तुमच्याच मागावर बघा. टेरीला, म्हणजे टॉवेलच्या फासेदार कापडाला, दोन बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेले रूळ) लागतात. ग्राऊंडचा ताणा घट्ट ओढलेला, पाइलचा सैल सोडलेला, आणि त्या सैल सुताचेच फासे वर उभे राहतात. त्याच लांबीच्या टॉवेलला पाइलचं सूत ग्राऊंडपेक्षा कितीतरी जास्त जातं. सेक्शन हा ग्राऊंडचा ताणा आहे: थोडा, घट्ट, जागचा न हलणारा. पानं म्हणजे पाइल. दोन्ही बीम सारखेच ताणलेत तर साधं कापड निघेल, टॉवेलइतकं पाणी शोषणार नाही. तुमच्या वहीत आज तेच झालं आहे. जेवढे सेक्शन जवळजवळ तेवढीच पानं.

हा झाला विचार. पण वननोटमध्ये फरक नुसत्या विचाराचा नाही, तो सॉफ्टवेअरच्या पोटात आहे, आणि तो एकदा पाहिला की पुढचे निर्णय सोपे होतात. संगणकावर साठवलेल्या वहीचं फोल्डर उघडलंत तर प्रत्येक सेक्शनची एकेक फाइल दिसते, नावाच्या शेवटी 'डॉट वन' असलेली. पानाची वेगळी फाइल कुठेच दिसत नाही. पान सेक्शनच्या पोटातच जगतं. म्हणून कुलूप लावायचं तर ते सेक्शनला लागतं, एकट्या पानाला लागत नाही. शोध घेताना 'फक्त या सेक्शनमध्ये बघ' असं सांगता येतं. नव्या पानाचा ठरावीक नमुना, ज्याला टेम्प्लेट म्हणतात, तो सेक्शनवार ठरवून ठेवता येतो. उलट बाजूने, शीर्षकाखाली तारीख आणि वेळ छापून येते ती पानावर. सेक्शनला तारीख नाही. आणि दुसऱ्याला वही दाखवायची असेल तर वाटप सगळ्या वहीचं होतं. करसल्लागाराला एकच सेक्शन दाखवायचा विचार असेल तर त्याच्यासाठी वेगळी वही काढा.

मी सेक्शनला गठ्ठा म्हणतो, पण जुन्या दप्तरांतला शब्द जास्त चांगला आहे: रुमाल. पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागद रुमालांत बांधलेले आहेत. तुमच्या धंद्यात रुमाल हा माल, आमच्या धंद्यात रुमाल हा सेक्शन. विषयांतर झालं, पण कागद वेगळा आणि त्याला बांधणारं कापड वेगळं हे लक्षात ठेवायला बरं पडतं.

वर टेम्प्लेटचं सांगितलं त्याच्यावर थोडं थांबतो, कारण मला सगळ्यात जास्त कामाला आलेली कसोटी त्यातूनच निघाली. एखादा सेक्शन बरोबर आहे की नाही हे बघायचं असेल तर एक कोरा कागद घ्या आणि त्या सेक्शनमधल्या सगळ्या पानांना चालेल असा एक छापील फॉर्म आखून बघा. ऑर्डरचा फॉर्म आखता येतो: पार्टी, तारीख, माप, नगाचं वजन, रंग, किती डझन, भाव, कोणतं सूत, माल कधी द्यायचा, कोणत्या ट्रान्सपोर्टने. मागाच्या दुरुस्तीचाही येतो: माग नंबर, काय बिघडलं, कोण आलं होतं, कोणता भाग बदलला, किती लागले, माग किती वेळ बंद होता. फॉर्म आखता आला की तिथे सेक्शन आहे. आता तुमच्या कुठल्याही पार्टीचा सेक्शन उघडा. एका पानावर ऑर्डर, दुसऱ्यावर भावाची बोलणी, तिसऱ्यावर रंग उतरल्याच्या तक्रारीचा फोटो, चौथ्यावर कुणाच्या तरी मुलाच्या लग्नाची पत्रिका. याला कोणता फॉर्म लावणार? आखताच येत नाही. मग हा सेक्शन कसला, त्या पार्टीच्या नावाची पिशवी आहे.

यावर तुम्ही म्हणाल, पार्टीचं सगळं एका जागी नको का? हवं. खरी गाठ इथेच आहे. ऑर्डर एक, पण ती दोन दोऱ्यांना बांधलेली असते, तारखेला आणि पार्टीला. कोणत्या दोऱ्याने लावायची?

हा प्रश्न संगणकाने आणलेला नाही. तुमच्याकडे जुने दिवाणजी असतील तर त्यांना विचारा, त्यांनी तो रोज सोडवलेला आहे. व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत तारखेने लिहायचा. मग तो खतावणीत त्या त्या खात्यावर न्यायचा, आणि कीर्दीत शेजारच्या रकान्यात खतावणीच्या पानाचा आकडा घालायचा. कीर्दीला विचारलं की 'त्या दिवशी काय झालं' ते कळतं, खतावणीला विचारलं की 'या माणसाचं काय चाललंय' ते कळतं. एकीचं काम दुसरीवर टाकता येत नाही, आणि दोन्हींना जोडणारा तो पानाचा आकडा असतो.

वननोटमध्ये हेच करा. 'ऑर्डर' नावाचा एक सेक्शन, त्यात प्रत्येक ऑर्डरचं एक पान. ही तुमची कीर्द. 'पार्ट्या' नावाचा दुसरा सेक्शन, त्यात प्रत्येक पार्टीचं एकच पान, त्यावर पत्ता, जीएसटी नंबर, कोणत्या रंगाला नाक मुरडतात, पैसे किती दिवसांनी सोडतात, कोणाशी बोलायचं. ही खतावणी. नवी ऑर्डर लिहिलीत की तिच्या पानावर उजवं बटण दाबून पानाची लिंक कॉपी करायची आणि पार्टीच्या पानावर खाली चिकटवायची. पानाचा आकडा लिहिण्याइतकंच काम आहे, पाच सेकंदांचं. 40 पार्ट्या असतील तर 40 पानं, एका सेक्शनमध्ये. अक्षरानुक्रमे लावायची सोयही आता वननोटच्या नव्या आवृत्त्यांत आहे.

लिंकवर लोकांचा विश्वास बसत नाही असं माझं निरीक्षण आहे. वस्तू शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय ती 'एकत्र' वाटत नाही. त्यांना मी सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेची आठवण देतो. तैलाभिषेकाच्या दिवशी नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या, शहरातल्या 68 लिंगांकडे जातात. लिंगं सगळी सिद्धेश्वराच्या आवारात आणून ठेवावीत असं शेकडो वर्षांत कुणाला वाटलं नाही. ती जिथल्या तिथे आहेत. मिरवणुकीची वाट ठरलेली आहे. पार्टीचं पान ही तशी वाट.

पण पार्टीच एवढी मोठी असेल की महिन्याला 15 ऑर्डरी येतात, तर? तरीही पानच. लिंकांची यादी लांबेल, लांबू दे. अपवाद मी एकाच प्रसंगी करतो. समजा एखाद्या परदेशी पार्टीने नमुन्यांच्या चाचण्यांचे अहवाल, पॅकिंगच्या सूचना, रंगांच्या मंजुऱ्या असं वेगवेगळ्या जातीचं मागायला सुरुवात केली. आधी ते पार्टीच्या पानाखाली उपपानं करून ठेवा. पान थोडं आत सरकवलं की उपपान होतं, आणि अशा दोन पायऱ्या खाली जाता येतं. ही उपपानं बाराच्या पुढे गेली आणि त्यांच्या जाती वेगवेगळ्या दिसू लागल्या, की मग त्या पार्टीला स्वतंत्र सेक्शन काढा. बारा हा आकडा कुठल्या शास्त्रातला नाही, माझी सवय आहे. मुद्दा क्रमाचा आहे: पानं साचतात, मग सेक्शन निघतो. रिकामा सेक्शन आधी काढून त्यात पानं येण्याची वाट बघायची नसते.

वकिलांकडेही असंच असतं. 200 दाव्यांच्या वकिलाला दावा म्हणजे पान आणि त्याची प्रत्येक तारीख म्हणजे उपपान. तीन-तीन वर्षं चालणारा एकच मोठा दावा मात्र स्वतंत्र वहीच मागतो.

आता तुमचा 'अर्जंट'. हा सेक्शन आजच काढून टाका. अर्जंट ही कागदाची जागा नाही, अवस्था आहे, आणि ती चार दिवसांत बदलते. आज अर्जंट असलेलं पान पुढच्या सोमवारी तिथेच पडलेलं असतं आणि महिनाभरात त्या सेक्शनचा 'इतर' होतो. अवस्थेसाठी टॅग आहेत. कंट्रोल आणि 1 दाबलं की ओळीपुढे चौकोन येतो, काम झालं की त्यात खूण करायची, आणि टॅग शोधायच्या सोयीने सगळ्या सेक्शनमधले राहिलेले चौकोन एका यादीत येतात.

तुम्ही बारकाईने वाचत असाल तर इथे मला पकडाल. सहा गठ्ठे तर अवस्थेवरच बांधलेले आहेत, प्रलंबित काय, प्रतीक्षाधीन काय! बरोबर आहे. कागद एका वेळी एकाच ठिकाणी राहू शकतो आणि त्याला टॅग लावून शोधता येत नाही, म्हणून अवस्थेचीच जागा करावी लागली. संगणकावर ती सक्ती उरलेली नाही. तरीही एक अवस्था मी जागा म्हणून ठेवतो, हे कबूल करतो: चालू आणि झालेलं. चालू ऑर्डरी एका नजरेत मावल्या पाहिजेत. यादी सरकवत खाली जावं लागलं की माणूस बघायचं सोडतो. म्हणून माल गेला, पैसे आले, की ते पान 'झालेल्या ऑर्डरी 2025-26' मध्ये हलवा. एप्रिलला नवा सेक्शन. वर्षाला एक सेक्शन वाढला तर बिघडत नाही, कारण धंदा कितीही वाढला तरी वर्ष एका वर्षात एकच वाढतं. जुन्या वर्षांचे सेक्शन पुसू मात्र नका, विशेषतः त्यांत बिलांचे फोटो असतील तर. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपायची असतात.

'जीएसटी' सेक्शन राहू द्या. पण आत बघितलंत तर एकच लांबलचक पान असेल आणि त्यात सगळे महिने एकाखाली एक असतील, मी पैजेवर सांगतो. ही उलटी चूक: पानांचं काम एका पानाने केलं. महिन्याला एक पान करा. तुमचं विवरणपत्र दरमहा भरायचं असेल तर जीएसटीआर-1 पुढच्या महिन्याच्या 11 तारखेला, जीएसटीआर-3 बी 20 तारखेला. दोन चौकोन, चलन, करसल्लागाराशी काय बोलणं झालं ते. एकदा टेम्प्लेट करून ठेवा. वीजबिलाच्या नोंदीही याच जातीच्या आहेत, ठरल्या तारखेला येणाऱ्या. म्हणून मी या सेक्शनचं नाव 'नियतकालिक' ठेवीन. नाव सरकारी वाटत असेल तर 'महिन्याची कामं' ठेवा.

मजुरीच्या नोंदी वेगळ्या काढाव्या लागतील, आणि कारण वेगळं आहे. तिथे फॉर्मची कसोटी बाजूला, गुप्तता आधी. कुलूप सेक्शनलाच लागत असल्यामुळे जे लपवायचं त्याला सेक्शन हवाच. पण माझी फजिती ऐका. एका दवाखान्याच्या वहीत मी कर्मचाऱ्यांच्या पगाराचा सेक्शन कुलूपबंद करून दिला, आणि पासवर्ड विसरायला नको म्हणून तो एका पानावर लिहून ठेवला. ते पान त्याच सेक्शनमध्ये होतं. पासवर्ड विसरला तर तो परत मिळवून द्यायची सोय नाही, मायक्रोसॉफ्टकडेही नाही. चार महिन्यांच्या नोंदी मी स्वतः बसून कागदी हजेरीपटावरून पुन्हा टाइप केल्या, पैसे न घेता. पासवर्ड घरच्या डायरीत लिहा. आणि कुलूप असलेल्या सेक्शनमधलं काही शोधात येत नाही, हेही बाबांना सांगून ठेवा.

बाबांचा फोन हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात खरा भाग आहे, म्हणून त्यावर सविस्तर. बाबा फोनवर काय म्हणतात? फर्मचं पूर्ण नाव ते घेत नसणार. 'बार्शीवाल्याचं काय झालं?' असंच विचारत असणार. मग पानाचं शीर्षक त्याच शब्दाने सुरू झालं पाहिजे: 'बार्शीवाले, पांढरा नॅपकिन, 2025-06-14'. फर्मचं नाव पानाच्या आत. पानांच्या यादीत शीर्षकाचे पहिले दोन-तीन शब्दच दिसतात, फोनवर तर त्याहून कमी, तेव्हा तिथे 'ऑर्डर' हा शब्द वाया घालवू नका. ऑर्डरच्या सेक्शनमध्ये दुसरं काय असणार? तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहिली की क्रम आपोआप लागतो.

मराठीत नोंदी ठेवणाऱ्यांची एक खास अडचण आहे. शोध अक्षरशः शोधतो. तुम्ही एकदा 'नॅपकिन' लिहिलंत, बाबांनी 'नेपकीन' लिहिलं, मुनीमजींनी 'नॅपकीन', की त्या तीन वेगळ्या वस्तू झाल्या. आकड्यांचंही तेच, मराठी आकडे आणि इंग्रजी आकडे संगणकाला एक वाटत नाहीत. पहिल्याच पानावर 25-30 शब्दांची शुद्धलेखनाची यादी करा आणि सगळ्यांनी तीच वापरा. मागाला नाव देऊ नका, मागावर रंगवलेला नंबर द्या. सोलापुरात कारखान्यात एक भाग तेलुगूत सांगितला जातो, दुसरा हिंदीत, आणि वही मराठीत; नंबर तरी सगळ्यांचा एकच असतो.

आता 61 चं काय करायचं. तीन दिवस बसून सगळं लावायचा बेत करू नका. मी पाहिलेला असा प्रत्येक बेत दुसऱ्या दिवशी दुपारी मोडला आहे. आधी नवे सेक्शन काढा: चालू ऑर्डर, झालेल्या ऑर्डरी, पार्ट्या, सूत आणि रंग, माग, महिन्याची कामं, मजुरी. सात. आठवा 'आवक'. टपाल आलं की आधी आवक नोंदवहीत जातं, मग टेबलावर जातं, तसं जे कुठे टाकावं हे कळत नाही ते आवकमध्ये. 'इतर' आणि 'आवक' यांत फरक एवढाच की आवक दर शनिवारी रिकामी करायची असते. ती रिकामी झाली नाही तर तिचा 'इतर' झाला असं धरा. आठ सेक्शन संगणकावर वरच्या पट्टीत सगळे दिसतात, हाही फायदा. 61 मधले बरेचसे आज तिथे दिसतही नसतील.

जुने सगळे सेक्शन एका सेक्शन ग्रुपमध्ये टाका. ग्रुप म्हणजे सेक्शनचं फोल्डर. नाव द्या 'जुनं दप्तर'. शोध तिथेही चालतो. ज्या पार्टीचा फोन येईल तिचं पान त्या दिवशी बाहेर काढून नव्या जागी न्या. दोन महिन्यांत जिवंत पार्ट्या सगळ्या बाहेर आलेल्या असतील. न आलेल्यांना तिथेच राहू द्या, त्या जागा खात नाहीत.

एका पानाचे सेक्शन एकदम उचलायचे असतील तर एक सेक्शन दुसऱ्यात मिसळायची सोय संगणकावरच्या वननोटमध्ये आहे, सेक्शनच्या टॅबवर उजवं बटण दाबलं की दिसते. पण त्याआधी एक गोष्ट करा, नाहीतर मला शिव्या द्याल. आज पार्टीचं नाव फक्त सेक्शनच्या टॅबवर आहे. आतल्या पानांची नावं 'ऑर्डर', 'ऑर्डर 2', 'नवीन' अशी असणार. तशीच मिसळलीत तर 'पार्ट्या' सेक्शनमध्ये 'ऑर्डर' नावाची 35 पानं येतील आणि कोणतं कुणाचं ते सांगायला टॅब उरणार नाही. आधी पानाचं शीर्षक बदला, मग मिसळा. चुकून काही पुसलं गेलं तर वहीच्या रिसायकल बिनमध्ये ते 60 दिवस असतं.

तुम्ही नोशन किंवा दुसऱ्या ॲपचा विचार करत असाल तर एवढंच सांगतो की नोशनमध्ये पानाच्या पोटात पान जातं, सेक्शनची भिंत तिथे नाही. त्यामुळे हा प्रश्न तिथे सुटत नाही, लपतो. फॉर्मची कसोटी तिथेही लावावीच लागते, फक्त तुम्हाला कुणी विचारत नाही. आहे तीच वही नीट करा.

सूत आणि रंग हा सेक्शन एकत्र ठेवलाय त्यावर तुम्ही अडखळाल. दोन्हींचा फॉर्म जवळजवळ एकच होतो: व्यापारी, काउंट (सुताची जाडी) किंवा छटा, किती किलो, भाव, माल कसा निघाला. सहा महिन्यांनी रंगाच्या पानांना वेगळे रकाने लागायला लागले, डाईंगवाल्याचे नमुने वगैरे, तर तेव्हा फोडा.

आणि दोन 'इतर'पैकी जुना आधी उघडा. बाबांनी विचारलेलं आणि तुम्हाला न सापडलेलं बरंचसं तिथेच निघेल.